ढोल वगळून राघोजी

त्या दिवशी वाचनालयाच्या सभेत माझा हात वर गेला, तो अक्षूच्या तावडीतून सोडवलेला शाईचा पॅड पुन्हा तिच्या हाती लागू नये म्हणून. तीन वर्षांच्या मुलाची कोणतीही आई जप्त केलेली वस्तू अशीच धरते, डोक्याच्या वर, मशालीसारखी. पण नेमक्या त्याच क्षणी माझे सासरे सर्जेराव, म्हणजे आमचे आबा, अध्यक्षांच्या खुर्चीवरून विचारत होते की राघोजींवर बँडची धून बसवायची जबाबदारी कोण घेतं. सभेला अकरा माणसं होती. दहा जणांनी टाळ्या वाजवल्या आणि अकरावी मी होते.

राघोजी म्हणजे आमच्या शिरुरात पहिला छापखाना आणणारे. सव्वाशे वर्षांपूर्वी त्यांनी मुंबईहून एक जुनं हातयंत्र रेल्वेनं दौंडला उतरवून घेतलं, चार बैलांच्या गाड्यावर चढवलं आणि शिरूरची वाट धरली. भीमा ओलांडताना गाडा वाळूत रुतला. अकरा दिवस हलेना. बाराव्या दिवशी राघोजींनी तिथंच यंत्र उभं केलं, छपाई सुरू केली आणि ओले कागद बाभळीच्या काट्यांवर वाळत घातले. हे आम्हाला कळतं ते त्या पहिल्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावरून. त्याची एक प्रत वाचनालयाच्या लोखंडी कपाटात आहे आणि त्यावर छापलंय, 'पानांत वाळू आढळल्यास वाचकांनी झटकून घ्यावी, छापणारास दोष देऊ नये.' बाकी राघोजींचं काहीच शिल्लक नाही. फोटो नाही, जन्मतारीख नाही, वंशज नाहीत. समारंभासाठी असा माणूस किती गैरसोयीचा असतो, ते मला पुढं कळलं.

धुनीची कल्पना आबांची. गेल्या वर्षी वर्धापनदिनाला सात भाषणं झाली होती आणि पाचव्या भाषणात हॉलच्या वॉचमननं पंखे बंद केले होते. तेव्हा या वर्षी भाषण नको, बँड हवा. मी केडगावला शाळेत असताना एका बाईंकडं दीड वर्ष ऑर्गन शिकले होते, आणि लग्न ठरवताना माझ्या वडिलांनी ते दीड वर्ष जरा ताणून सांगितलं होतं. आबांनी ते सहा वर्षं मनात जपून ठेवलेलं. घरी येताना ते एवढंच म्हणाले, "सूनबाई, मला ठाव होतं तुम्ही हात वर करनार."

यावर शाईच्या पॅडबद्दल कोणत्या तोंडानं बोलायचं?

पण खरी अडचण माझ्या दीड वर्षात नव्हती, अक्षूत होती. आमच्या अक्षदाला बँडची भीती वाटते. भीती म्हणजे रडणं नव्हे. रडली असती तर मी पेढे वाटले असते. ढोलाचा पहिला ठोका पडला की ती श्वास धरते. तोंड उघडं, आवाज नाही, ओठ निळे. डॉक्टर म्हणतात धोका काही नाही, मुलं आपोआप श्वास घेतात, वयाबरोबर जाईल. डॉक्टरांना काय, त्यांना सेकंद मोजावे लागत नाहीत. मी मोजते. माझ्याकडं त्याची वहीच आहे: तारीख, आवाज, सेकंद. आजवरचा उच्चांक एकवीस. एकवीस सेकंद म्हणजे फार नाही, असं ज्याला वाटतं त्यानं आपल्या लेकराकडं बघत मोजून पाहावेत.

आणि आमचं घर मंगल कार्यालयाच्या समोर. त्यामुळं लग्नाचे मुहूर्त मला भटजींच्या आधी पाठ असतात. पंचांग समोर ठेवून मी वर्षभराची पळापळ आखते. या तारखेला केडगावला आईकडं, त्या तारखेला न्हावऱ्याला नणंदेकडं. जिथं जाणं जमत नाही तिथं खिडक्या बंद, मिक्सर चालू, आणि मी अक्षूला मांडीवर घेऊन तिच्या ओठांवर नजर लावून बसलेली. माझा नवरा रविराज रांजणगावला कंपनीत आहे. त्याचं म्हणणं, आपल्या घरात बँडपेक्षा मिक्सरचाच आवाज जास्त होतो. पहिली पाळी असली की दुपारी झोप झाल्यावर तो असली वाक्यं बोलतो.

तर अशा बाईनं बँडची धून बसवायची होती. मी दोन गोष्टी ठरवल्या. कार्यक्रम दुपारी चारला, रविराजची पाळी तीनला सुटते, तेव्हा त्यानं अक्षूला घेऊन परस्पर केडगाव गाठायचं. आणि तरीही, चुकून काही घडलंच तर, म्हणून धुनीत ढोल नसेल.

शेजारच्या अंजनाकाकूंना हे कळलं तेव्हा त्या वाटाणे सोलत होत्या. त्यांनी सल्ला दिला की छापखाना म्हणजे पत्रिका, पत्रिका म्हणजे लग्न, तेव्हा लग्नाचीच चार गाणी वाजवून टाकावीत आणि मधे कुणीतरी माईकवरून राघोजींचं नाव घ्यावं. मी म्हटलं, काकू, नवीन रचना हवी आहे. त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, मग गाणी तीच ठेव, क्रम बदल. त्यांच्या सुनेनं लेझीम सुचवली. समोरच्या निवृत्त गुरुजींनी सुचवलं की बैलगाडा आहे तर शर्यतीतली आरोळी घ्यावी, पोरं आपोआप जमतील. तिघांनाही माझ्याबद्दल वाईट वाटत होतं, हे मला दिसत होतं, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटत होतं.

बँड ठरला दौंडचा. त्याचे मास्तर बन्सीमामा. रेल्वेत फिटर होते, क्लॅरनेट वाजवतात, वय सत्तरीच्या पुढं आणि मिशी त्याहून जुनी वाटते. मी चार रात्री अक्षू झोपल्यावर स्वरलिपी लिहून काढली, सुबक, तांबड्या-निळ्या पेनांत, आणि त्यांना फोटो पाठवला. त्यांचा फोन आला. "ताई, हिशोब लई छान लिवलाय. आता वाजवून दावा."

त्यांच्या बँडात कुणीच लिहिलेलं वाचून वाजवत नाही. कानानं ऐकतात आणि वाजवतात, बाप-आज्यापासून तसंच. एकदा ऐकलं की तसंच्या तसं, अक्षरभर इकडं नाही की तिकडं नाही. तेव्हा मी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर पेटी ठेवली, मोबाईल डब्याला टेकवला आणि सगळी धून वाजवून व्हॉट्सअ‍ॅपवर धाडून दिली. वाळूत रुतलेला गाडा, बैलांची घुंगरं, यंत्राची खटखट, बाभळीवर फडफडणारे कागद, सगळं साडेचार मिनिटांत. पाठवल्यावर मला इतकं हलकं वाटलं की मी पुन्हा ऐकलंही नाही. हे वाक्य लिहिताना आजही माझी कानशिलं गरम होतात.

आठवड्यानं तालीम ऐकायला दौंडला गेले. अक्षूला आबांकडं ठेवलं. न्हावऱ्यामार्गे चौफुला, तिथून दुसरी एसटी, मधे पाटसपर्यंत उसाच्या ट्रॉल्यांच्या मागून बैलाच्या वेगानं. राघोजींना हा प्रवास उलट्या बाजूनं किती जड गेला असेल, याचा मला आपोआप अभ्यास झाला. रुळांच्या पलीकडं एका पत्र्याच्या शेडमध्ये चौदा माणसं घरच्या कपड्यांत, हातांत चकचकीत वाद्यं घेऊन बसली होती. मला खुर्ची दिली, चहा दिला आणि बन्सीमामांनी क्लॅरनेट उचललं.

सुरुवात झाली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गाडा निघाला. घुंगरं वाजली. गाडा रुतला. आणि मग क्लॅरनेटनं एकदम वरच्या पट्टीत एक लांबलचक शीळ घातली. मी चमकले. दुसरी शीळ आली. तिसरी आली. आता ट्रम्पेट पुढं सरसावलं आणि त्यानं घाईघाईनं चार चार सुरांचा एक तुकडा तीनदा वाजवला, प्रत्येक वेळी आधीपेक्षा चिडका. हा तुकडा मी लिहिला नव्हता. पण ओळखीचा होता. फार ओळखीचा होता.

पहिल्या तीन शिट्ट्या आमच्या कुकरच्या होत्या. आणि पुढचा तुकडा म्हणजे मी होते. 'काढ ते तोंडातनं, काढ ते तोंडातनं, अक्षू, काढ ते तोंडातनं.'

चौदा माणसांनी आठवडाभर बसून माझ्या वरणाची आणि माझ्या ओरडण्याची सुरेल नक्कल बसवली होती. दीड वर्षाच्या ऑर्गनची सगळी अब्रू त्या शेडमध्ये पत्र्यावर आपटून परत खाली आली. मी बन्सीमामांना खरं सांगितलं. कुणी हसलं नाही, हे त्यांचं मोठेपण. बन्सीमामांनी मिशीवरून हात फिरवला.

"ताई, तुमी म्हनता तर काढतो. पर तिथंच तर मशीन चालू झाल्यागत वाटतंय. त्याच्या आदी नुसतंच छान हाय."

नुसतंच छान हाय. मी ते वाक्य एसटीत चौफुल्यापर्यंत चघळलं आणि चौफुल्याला त्यांना फोन करून सांगितलं की राहू द्या.

पण शेडमध्ये दुसरीही एक गोष्ट झाली होती. मागं भिंतीशी एक धिप्पाड माणूस मांडीवर ढोल घेऊन बसला होता, ढोलावर चादर घातलेली. त्याचं नाव माऊली, बावीस वर्षं ढोलावर. साडेचार मिनिटांत त्यानं एक ठोकाही दिला नाही, कारण त्याला नव्हताच. निघताना तो माझ्याजवळ आला आणि खालच्या आवाजात विचारलं, "ताई, माझ्याकडनं काय चुकलंय का?"

मी त्याला अक्षूचं सांगितलं. वहीचं सांगितलं, एकवीस सेकंदांचं सांगितलं. परक्या माणसाला इतकं सांगायचं नसतं, पण त्याच्या चेहऱ्याकडं बघून राहवलं नाही. त्यानं मान डोलावली. त्याच्या घरी तीन मुली आहेत म्हणे. "मग न्हाईच वाजवत," म्हणाला. "मी घुंगरं वाजवतो." आणि एवढा मोठा माणूस दोन बोटांत घुंगरांची माळ धरून उभा राहिला. मला अपराध्यासारखं झालं. यंत्राचा पहिला दाब कागदावर पडतो तो ठोका मी झांजेला देऊन ठेवला होता. सगळा बँड तिथं क्षणभर थांबतो आणि झांज वाजते. शेडमध्ये ती ताटलीत चमचा पडल्यासारखी वाजली होती. पण मी मन घट्ट केलं.

मग परवानगी. परवानगी देणारं ऑफिस कोणतं ते मी सांगत नाही, पुन्हा जावं लागेल तिथं. खिडकीवरच्या मॅडमनी विचारलं, जयंती का पुण्यतिथी? आबा म्हणाले, दोन्ही तारखा ठाऊक न्हाईत. मॅडम म्हणाल्या, मग माणूस होऊन गेला कशावरून? आबांनी पिशवीतून ते पुस्तक काढलं. मॅडमनी शेवटचं पान वाचलं आणि खरोखरच पुस्तक झटकून पाहिलं. पण अर्जात वाद्य वाजवायला रकाने पाचच होते: लग्न, जयंती, पुण्यतिथी, मिरवणूक, आंदोलन. मिरवणुकीला मार्गाचा नकाशा लागतो आणि आंदोलनाला मागण्या. आमचा बँड एका जागी उभा राहणार होता आणि आमची काही मागणी नव्हती. बाई मनानं चांगल्या. त्यांनीच मार्ग काढला, लग्नात टाका, लग्नाला कुणी काही विचारत नाही.

लग्नाच्या रकान्यात वराचं नाव लागतं. आबांनी लिहिलं, राघोजी. वधूच्या नावाशी त्यांचं पेन अडलं. 'निरंक' चालेना. शेवटी त्यांनी 'चि. सौ. कां. छपाई' असं लिहिलं, मॅडमनी शिक्का मारला आणि सव्वाशे वर्षांनी राघोजींचं लग्न लागलं.

परिणाम असा की कागद हातात पडला तेव्हा त्यावर वेळ होती सकाळी साडेदहा ते साडेबारा. लग्नाची वाद्यं मुहूर्ताला वाजतात, आणि त्या दिवशी दुपारच्या वेळा खऱ्या लग्नांनी भरल्या होत्या. मी कागद दोनदा वाचला. साडेदहाला रविराज मशीनवर असणार. केडगाव बारगळलं. मी आबांना म्हटलं, मी येत नाही, अक्षूला घेऊन सकाळीच आईकडं जाते, धून बन्सीमामांना पाठ आहे.

आबा म्हणाले की हात दाखवून थांबवायचं, चालू करायचं, ते तुमच्याशिवाय कोण करणार? मास्तर तर स्वतः वाजवतात. "आन् ढोल न्हाई ना त्यात? मग पोरीला मी घिऊन बसतो. कायबी होत न्हाई."

ढोल नाही. खरंच नव्हता. मी हो म्हटलं आणि दोन रात्री झोपले नाही.

फ्लेक्सचं थोडक्यात सांगते. राघोजींचा फोटो नाही म्हटल्यावर दुकानदार हवालदिल झाला. मधली गोल जागा मोकळी ठेवणं त्याच्या धंद्यात बसत नव्हतं. त्यानं एका मुंडासंवाल्याची काळी सावली टाकली, खाली समितीचे दहा चेहरे आणि उजव्या कोपऱ्यात मी, 'संगीतकार सौ. सायली रविराज', आधार कार्डावरच्या फोटोसकट. त्या फोटोत मी बाळंतपणानंतर चाळीस दिवसांची आहे आणि कुणीतरी माझं काही चोरल्यासारखी बघते आहे. चौकात येणारे-जाणारे राघोजींच्या सावलीपेक्षा मलाच जास्त घाबरत असावेत.

कार्यक्रमाच्या दिवशी वाचनालयाच्या अंगणात दीडशे माणसं होती. त्यातली चाळीस अर्जावरून कुठंतरी लग्न आहे असं समजून आलेली. अंजनाकाकू पैठणी नेसून पहिल्या रांगेत. त्यांच्या शेजारी आबा, आणि आबांच्या मांडीवर अक्षू, हातात बिस्किट. बँडपासून दहा पावलांवर. मी आबांना तीन वेळा सांगितलं की ओठांकडं बघा. पर्समध्ये वही होती, कशाला ते मला ठाऊक नाही.

दौंडहून टेम्पो वेळेवर आला. लाल कोट, सोनेरी पट्टे, सगळे असे देखणे की मला माझ्या ओट्यावरच्या पेटीची लाज वाटली. बन्सीमामा बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, एक घोळ झालाय. टेम्पोत झांजेवर ढोल घसरला. झांज फाटली."

म्हणजे यंत्राचा पहिला दाब गेला. त्यांनी मला झांजेची चीर दाखवली. पण त्यांच्या खांद्यावरून मला माऊली दिसत होता, ढोल गळ्यात, एका हातात सवयीनं टिपरी, दुसऱ्यात घुंगरं. पोशाख पूर्ण दिसावा म्हणून ढोल आणला होता, चादरीसकट. मी मागं वळून अक्षूकडं पाहिलं. ती बिस्किटाला भोक पाडत होती.

"तो ठोका नको," मी म्हटलं. "तिथं नुसते थांबा."

माऊलीनं मान डोलावली. चादर तशीच राहिली.

मी बँडकडं तोंड करून, लोकांकडं पाठ करून उभी राहिले आणि हात खाली आणला. गाडा निघाला. घुंगरं वाजली. माझे हात थरथरत होते, पण त्यांना वाटलं असेल मीच तसं दाखवतेय, कारण ट्रम्पेटही थोडं थरथरलं आणि ते फार छान वाटलं. गाडा रुतला. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. मागं कुणीतरी 'वा' म्हटलं. माझं ओरडणं आलं, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा चिडून, आणि मी दोन्ही हात वर धरून सगळ्यांना थांबवलं.

चौदा माणसं एकदम थांबली. अंगणात शांतता. दीडशे माणसं वाट बघतायत आणि काहीच येत नाही. मी मनात एक मोजला. दोन मोजला.

माणसाचा हात बावीस वर्षं अशा जागी पडत आलेला असतो, तेव्हा तो मालकाला विचारत नाही. माझी नजर माऊलीच्या चेहऱ्यावर होती. ठोका पडायच्या आधीच त्याच्या डोळ्यांत घाबरल्यासारखं आलं. पण हात निघाला होता. चादरीतून, पूर्ण ताकदीनं, वरातीतला ठोका. जमीन पायाखाली हलली. फ्लेक्स फडफडला.

आणि बँड सुटला. आता त्यांना थांबवणं राघोजींच्यानंही झालं नसतं. दुसरा दाब, तिसरा दाब, प्रत्येक पानाला एक, ढोल थांबेना, कारण पहिला पडल्यावर बाकीचे त्याला अडवता येईनात. माऊली माझ्याकडं बघत होता आणि वाजवत होता, आणि त्याचा चेहरा रडवेला झाला होता. मी मोजत होते. चार, पाच, सहा. मला वळायचं होतं. मान वळेना. दहा. अकरा. कागद बाभळीवर फडफडले. मागून कुणी ओरडत नव्हतं, आबा हाक मारत नव्हते. आबांना कळतंय का, त्यांना चष्म्याशिवाय ओठ दिसतात का? सतरा. अठरा. शेवटचा सूर आला, मी तो हातानं कापला आणि वळले.

टाळ्या सुरू झाल्या होत्या. अक्षू आबांच्या मांडीवर उभी होती. एक हात त्यांच्या टोपीवर. ओठ बिस्किटानं माखलेले आणि त्या चुऱ्याखाली चांगले गुलाबी. ती माझ्याकडं बघतही नव्हती. माऊलीकडं बघत होती आणि आबांच्या टोपीवर दणके घालत होती, धप, धप, धप.

मी तिच्यापर्यंत कशी पोहोचले आठवत नाही. हनुवटी धरली, ओठ पुसले, पापण्या पाहिल्या. ती वैतागून माझा हात झटकत होती. आबा म्हणाले, "पहिला ठोका पडला आन् तिनं तुमच्याकडं बघितलं. रोज बघती तशी. पर तुमची पाठ. पदरच दिसला. मग माझ्याकडं बघितलं. मी आपला बसलेलो. मग त्या ढोलवाल्याकडं बघितलं. तो घाबरलेला. तिला हसूच आलं की."

मी उभीच राहिले. तीन वर्षं, मिक्सर, खिडक्या, न्हावऱ्याच्या फेऱ्या, सगळं माझ्या अंगावरून एकदम उतरलं आणि मला कळेना की आता हसायचं की बसायचं. माऊली ढोल सावरत, पडलेल्या चेहऱ्यानं जवळ येऊन उभा राहिला होता. अक्षूनं त्याच्याकडं बोट दाखवलं आणि म्हणाली, "परत."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली. त्यानं टिपरी उचलली, तिच्या चेहऱ्यावर नजर ठेवली आणि अगदी हलकेच मारली. अक्षू खिदळली. पुन्हा मारली.

"सूनबाई," आबा शेजारून हळूच म्हणाले, "आता तुमी श्वास सोडा."